'इंग' लावावे की 'एड'? (आणि पानांना पाडले कोणी?)

खडूफळा

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका सेमी-इंग्रजी शाळेत आठवी-नववीच्या वर्गांना इंग्रजी शिकवते. क्रियापदांपासून होणाऱ्या विशेषणांचा, म्हणजे धातुसाधित विशेषणांचा पाठ आला की मी वर्षानुवर्षे एकच नियम फळ्यावर लिहीत आले आहे: जो क्रिया करतो त्याला 'इंग' आणि ज्याच्यावर क्रिया होते त्याला 'एड'. 'बार्किंग डॉग' म्हणजे भुंकणारा कुत्रा आणि 'ब्रोकन कप' म्हणजे फोडलेला कप. (एड म्हणताना ब्रोकन, रिटन, फॉलन ही सगळी तिसरी रूपे मी त्यातच धरते.) मराठीत 'णारा' आला की इंग आणि 'लेला' आला की एड, एवढे सांगितले की मुलांना पटते, गाळलेल्या जागा भरता येतात आणि गुणही मिळतात.

गेल्या आठवड्यात मात्र माझी पंचाईत झाली. दिवाळीच्या सुट्टीवरील निबंधात एका मुलाने 'आय वॉज व्हेरी बोअरिंग इन द व्हेकेशन' असे लिहिले होते. मी त्यावर लाल रेघ मारून 'बोअर्ड' केले. तो वही घेऊन टेबलाशी आला आणि म्हणाला, "बाई, मला कोणी बोअर केलेच नाही. मी घरी एकटाच होतो. मग एड कशाला?" त्याला काहीबाही सांगून जागेवर पाठवते तोच मागच्या बाकावरून दुसरा प्रश्न आला. पाठ्यपुस्तकात 'फॉलन लीव्हज' असे शब्द होते आणि त्या मुलाला हे हवे होते की एड-रूप आहे तर पानांना पाडले कोणी.

वर्ग हसला, मीही हसले. पण घरी येताना एसटीत बसून यादी करू लागले तेव्हा हसू मावळले. रिटायर्ड टीचर, एस्केप्ड प्रिझनर, एक्स्पायर्ड मेडिसिन, ग्रोन-अप सन. यांपैकी कैद्याला कोणी पळवलेले नाही, तो स्वतःच्या पायांनी पळाला आहे. मग माझा 'करणारा आणि केलेला' हा नियम चुकीचा आहे, की अपुरा आहे? करणाऱ्याला कर्तरी आणि केलेल्याला कर्मणी, ही नावेच वर्गात वापरू नयेत का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मेतकूट

पानांना वाऱ्याने पाडले असे सांगून मोकळे व्हायचे होते.

खडूफळा

सांगून पाहिले. "मग 'ब्लोन लीव्हज' का नाही लिहिले?" असे उत्तर मिळाले.

निवृत्त कारकून

बाईंच्या विद्यार्थ्याने केलेली चूक मी पगार घेऊन केलेली आहे, म्हणून तिची हकिगत सांगतो.

१९८० च्या दशकात मी एका कार्यालयात टंकलेखक होतो. खात्यांतर्गत प्रशिक्षणाची सूचना काढायची होती आणि साहेबांनी तोंडी सांगितलेला मजकूर मी थेट स्टेन्सिलवर (प्रती काढायच्या मेणकागदावर) उतरवला. त्यात 'इंटरेस्टेड कॅन्डिडेट्स' ऐवजी 'इंटरेस्टिंग कॅन्डिडेट्स मे अप्लाय' असे टंकले गेले. स्टेन्सिलवरची चूक दुरुस्त करायची म्हणजे त्या अक्षरांवर नेलपॉलिशसारखे लालसर द्रव्य लावायचे, ते वाळेपर्यंत फुंकर मारत बसायचे आणि मग त्याच जागी नेमके दुसरे अक्षर मारायचे. तेवढा धीर माझ्यात नव्हता, किंवा खरे सांगायचे तर चूक माझ्या लक्षातच आली नव्हती. सायक्लोस्टाइलच्या चाळीस प्रती निघाल्या आणि सर्व शाखांना गेल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावले. त्यांनी त्या शब्दाभोवती निळ्या पेन्सिलीने वर्तुळ काढले होते. ते रागावले नाहीत, फक्त एवढेच विचारले, "या कार्यालयात मनोरंजक माणसे किती आहेत, याची यादी तुम्ही देणार का?" त्या दिवसापासून या दोन शब्दांत माझा गोंधळ कधी झाला नाही. नियम कोणता ते मात्र मला आजही सांगता येणार नाही.

आळूवडी

खडूफळाताई, 'बोअर्ड'वाल्या मुलासाठी मी माझ्या मुलीला शिकवलेली एक युक्ती सुचवते. कंटाळा, भीती, आश्चर्य, उत्सुकता अशा भावनांच्या बाबतीत इंग्रजी आणि मराठी यांची वाक्ये उलट्या दिशांनी चालतात असे वरवर वाटते. इंग्रजीत 'बोअर' या क्रियापदाचा अर्थ कंटाळणे असा नाही, तर कंटाळा आणणे असा आहे. 'इंटरेस्ट' म्हणजे रस घेणे नव्हे, रस उत्पन्न करणे. म्हणजे इंग्रजीच्या हिशेबाने कंटाळा बाहेरून माणसाकडे येतो आणि माणूस तो फक्त भोगतो. मराठीतही खरे तर हेच आहे, कारण आपण 'मी कंटाळा करतो' म्हणतो तेव्हा आळस अभिप्रेत असतो, आणि खरा कंटाळा असेल तेव्हा 'मला कंटाळा आला' असेच म्हणतो.

म्हणून ज्याला 'ला' लागतो त्याला एड द्यावे. मला भीती वाटली, म्हणून 'आय वॉज फ्रायटन्ड'. सापाची भीती वाटली, म्हणून साप 'फ्रायटनिंग'. त्या मुलाला कोणी बोअर केले असे विचारलेच तर रिकाम्या दुपारने केले, असे सांगावे.

खडूफळा

आळूवडी, हे फारच उपयोगी आहे. आज वर्गात 'ला'चा नियम चालवून पाहिला आणि पंधरा मिनिटे तो उत्तम चालला. नंतर एका मुलीने विचारले की 'मी गोंधळलो' आणि 'मी दमलो' यांत 'ला' कुठे आहे, कारण तिथेही 'कन्फ्युज्ड' आणि 'टायर्ड' असेच होते.

आळूवडी

त्या मुलीला माझ्याकडून एक आळूवडी द्या. 'ला' असेल तर एड नक्की द्यावे, एवढेच माझे म्हणणे आहे. 'ला' नसेल तर एड नाही असे मी म्हटले नव्हते.

अर्धविराम

मी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचे इंग्रजी-मराठी असे दोन्ही दिशांनी भाषांतर करतो, त्यामुळे इंग की एड हा माझ्यासाठी व्याकरणापेक्षा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. 'लॉकिंग नट' म्हणजे दुसऱ्या नटाला सैल होऊ न देणारा नट आणि 'लॉक्ड नट' म्हणजे पक्का बसवून टाकलेला नट. पहिला शब्द वस्तूचे काम सांगतो, दुसरा तिची आजची अवस्था सांगतो. सुट्या भागांच्या यादीत 'लॉक्ड नट, चार नग' असे लिहिले तर भांडारातील माणूस पेटीपाशी उभा राहून विचारात पडतो.

वर्गासाठी याहून सोपे उदाहरण पाण्याचे आहे. उकळते पाणी म्हणजे 'बॉइलिंग वॉटर' आणि उकळलेले पाणी म्हणजे 'बॉइल्ड वॉटर'. पावसाळ्यात डॉक्टर प्यायला सांगतात ते दुसरे. पहिले प्यायले तर पुन्हा त्याच डॉक्टरकडे जावे लागेल. आता या जोडीत गंमत अशी की पाणी स्वतः उकळते आणि आपणही पाणी उकळतो, मराठीतही आणि इंग्रजीतही. त्यामुळे कर्ता कोण, कर्म कोण, हा प्रश्न इथे विचारलाच नाही तरी चालते. चालू आहे त्याला इंग आणि होऊन गेले त्याला एड. माझ्या मते खडूफळाताईंनी कर्तरी-कर्मणी बाजूला ठेवून 'चालू' आणि 'संपलेले' हीच जोडी शिकवावी. पाने पडून झाली आहेत, कैदी पळून झाला आहे, औषधाची मुदत संपून झाली आहे. पाडले कोणी, हा प्रश्नच उरत नाही.

टोकदार

अर्धविराम यांच्या नियमाने 'बोअरिंग लेक्चर' संपल्यावर ते 'बोअर्ड लेक्चर' व्हायला हवे. ते होत नाही. 'बोअरिंग' आणि 'बोअर्ड' यांत काळाचा काहीही संबंध नाही. व्याख्यान आणि श्रोता यांचे एकाच क्षणी एकाच खोलीत एक इंग आणि एक एड होत असते. तेव्हा कर्तरी-कर्मणी टाकून देता येणार नाही.

माझे स्पष्ट मत असे आहे की हे नियम शिकवूच नयेत. मुलांकडून भरपूर वाचून घ्यावे, मोठ्याने वाचून घ्यावे, कान तयार झाला की चूक आपोआप खटकते. आपण मराठीत 'उकळते' आणि 'उकळलेले' हा फरक कोणत्या फळ्यावरून शिकलो?

खडूफळा

टोकदार, आपले म्हणणे तत्त्वतः मान्य आहे. पण माझ्या वर्गात बावन्न मुले आहेत, त्यांपैकी बहुतेकांच्या घरी इंग्रजीचा एकही कागद नसतो आणि आठवड्याला मिळणाऱ्या तासिकांत कान तयार होत नाहीत. मराठी त्यांनी घरी काही वर्षे ऐकून मग शाळेत लिहिली. इंग्रजीसाठी ती वर्षे मी कुठून आणू? कान नसेल तर निदान काठी तरी हवी.

अवग्रह

पानांना पाडले कोणी, हा प्रश्न पाणिनीच्याही पुढे उभा होता, हे त्या मागच्या बाकावरील विद्यार्थ्याला अवश्य सांगावे.

संस्कृतात 'क्त' हा प्रत्यय लागून जी रूपे होतात (कृत, पठित, दृष्ट) ती सामान्यतः कर्मणी असतात. 'कृत' म्हणजे केलेले. इंग्रजी एड-रूपाचा हा सख्खा चुलतभाऊ समजावा. पण मग 'गत' आणि 'पतित' यांचे काय? गेलेल्याला कोणी नेलेले नाही आणि पडलेल्याला कोणी पाडलेले नाही. म्हणून अष्टाध्यायीत ३.४.७२ हे सूत्र आहे: 'गत्यर्थाकर्मकश्लिषशीङ्स्थासवसजनरुहजीर्यतिभ्यश्च'. त्याचा आशय असा की गती दाखवणारे धातू, अकर्मक धातू आणि पुढे नावाने सांगितलेले काही धातू यांना हाच प्रत्यय कर्त्याच्या अर्थीही लागतो. जी क्रिया कर्मावर जाऊ शकत नाही, तिचा परिणाम शेवटी कर्त्याच्याच अंगावर उरतो. पान पडते आणि पडण्याचा परिणामही पानावरच दिसतो, म्हणून 'पतितं पर्णम्' आणि म्हणून 'फॉलन लीफ'.

तेव्हा खडूफळाताई, आपला नियम चुकीचा नाही. त्याला एक पुरवणी जोडावी: कर्म असेल तर एड कर्माला लागते, क्रियापद अकर्मक असेल तर ते कर्त्याला लागते आणि क्रिया पूर्ण झाल्याचे दाखवते. टोकदार यांच्या आक्षेपालाही यात उत्तर आहे. 'बोअर' सकर्मक आहे म्हणून तिथे कोण-कोणाला हे पाहायचे. 'फॉल' अकर्मक आहे म्हणून तिथे झाले-की-चालू हे पाहायचे. अर्धविराम आणि आपण दोघेही अर्धे-अर्धे बरोबर आहात.

अर्धविराम

नावाला जागलो म्हणायचे.

मेतकूट

अवग्रह यांची पुरवणी मराठीला लावून पाहिली. जेवणे अकर्मक, म्हणून 'जेवलेला माणूस' म्हणजे ज्याचे जेवण झाले आहे तो. खाणे सकर्मक, म्हणून 'खाल्लेला माणूस' म्हणजे ज्याला वाघाने खाल्ले आहे तो. नियम चोख आहे. पण मग 'प्यायलेला माणूस' या गृहस्थांना कोणी प्यायले?

अवग्रह

मेतकूट यांनी विनोदाने विचारले असले तरी प्रश्न जुना आहे. 'पीता गावः' म्हणजे पाणी प्यायलेल्या गाई, हे उदाहरण संस्कृत व्याकरणपरंपरेत प्रसिद्ध आहे आणि त्यावर टीकाकारांनी बरीच मेहनत घेतलेली आहे, कारण 'पीत' म्हणजे खरे तर प्यायलेले पाणी. इंग्रजीतील 'ड्रंक' आणि 'ड्रंकन' ही रूपेसुद्धा मुळात 'ड्रिंक'चीच एड-रूपे असून ती प्यालेल्या माणसालाच लागतात. तीन भाषांनी एकाच क्रियापदापाशी तोल घालवावा, यावर आपण आपले निष्कर्ष काढावेत.

निवृत्त कारकून

याच जातीचा एक शब्द आम्ही रोज टंकत असू आणि कधी विचार केला नाही. 'द अंडरसाइन्ड', म्हणजे 'खाली सही करणार'. मराठीत 'करणार' आणि इंग्रजीत एड. नियमाने पाहिले तर सही कागदावर झालेली असते, साहेबांवर नाही. तरीही 'अंडरसाइन्ड' साहेबच असतात.

दुसरा शब्द 'कन्सर्न्ड'. 'द ऑफिसर कन्सर्न्ड' म्हणजे संबंधित अधिकारी. पण तोच शब्द आधी घेऊन 'अ कन्सर्न्ड ऑफिसर' म्हटले की विलायती वाचकाला काळजीत पडलेला अधिकारी दिसतो. आपल्याकडील कार्यालयांत सर्रास 'द कन्सर्न्ड ऑफिसर' लिहितात आणि सर्वांना ते कळते. संबंधित अधिकारी सहसा काळजीत नसतो, हेही सर्वांना ठाऊक असते.

स्वरसंधी

मी भाषाशास्त्राची विद्यार्थिनी आहे. अवग्रह यांनी सांगितलेली पुरवणी बरीच पुढे नेते, पण इंग्रजीत ती एका ठिकाणी अडते. झोपणे, हसणे, काम करणे याही अकर्मक क्रिया आहेत, तरी 'अ स्लेप्ट बेबी' किंवा 'अ लाफ्ट मॅन' इंग्रजीत होत नाही. १९७८ मध्ये भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड पर्लमटर यांनी असे मांडले की अकर्मक क्रियापदे एकाच जातीची नसून दोन जातींची आहेत. पडणे, वितळणे, कोमेजणे यांत कर्ता नावापुरता असतो, प्रत्यक्षात त्याचे काहीतरी होत असते. हसणे, धावणे, काम करणे यांत तो खरोखर काही करत असतो. इंग्रजी एड पहिल्या जातीला सहज लागते (फॉलन लीव्हज, मेल्टेड स्नो, विल्टेड फ्लॉवर्स) आणि दुसऱ्या जातीला लागत नाही. 'अराइव्ह' सारखे काही काठावर बसलेले आहेत: नुसते 'अराइव्ड गेस्ट्स' कानाला विचित्र लागते, पण 'न्यूली अराइव्ड गेस्ट्स' चालते.

मराठी मुलांची खरी अडचण मला यापुढची वाटते. मराठी 'लेला' इंग्रजी एडपेक्षा फार ऐसपैस आहे. आपण 'झोपलेले बाळ' म्हणतो, पण इंग्रजीत ते 'स्लीपिंग बेबी' असते. खुर्चीवर बसलेला माणूस 'सिटिंग' असतो, उभा राहिलेला 'स्टँडिंग' असतो, साडी नेसलेली बाई 'वेअरिंग अ सारी' असते. मराठी असे पाहते की बसण्याची क्रिया होऊन गेली आणि आता तिचे फळ समोर दिसते आहे. इंग्रजी असे पाहते की बसणे अजून चालूच आहे. याखेरीज मराठीत 'पुस्तक वाचलेला माणूस', 'हिमालय चढलेली मुलगी' अशी सकर्मक क्रियापदेही कर्त्याला लागतात. इंग्रजीत तिथे एड चालणारच नाही; 'हू हॅज रेड द बुक' असे पूर्ण उपवाक्य घ्यावे लागते. म्हणून 'लेला म्हणजे एड' हे समीकरण मी वर्गात शिकवणार नाही.

मेतकूट

नुसते 'वाचलेला माणूस' म्हटले तर तो बहुश्रुत आहे की अपघातातून बचावलेला आहे, हे मराठीतही कळत नाही.

अर्धविराम

मेतकूट, या कोटीत एक खरी खोच आहे. बचावलेल्या प्रवाशांना इंग्रजीत 'सर्व्हायव्ड पॅसेंजर्स' म्हणत नाहीत, 'सर्व्हायव्हिंग पॅसेंजर्स' म्हणतात. त्याचप्रमाणे उरलेली रक्कम ही 'रिमेन्ड अमाउंट' नसून 'रिमेनिंग अमाउंट' असते. मी तपासायला घेतलेल्या प्रत्येक दुसऱ्या पत्रव्यवहारात हे 'रिमेन्ड' सापडते आणि लिहिणाऱ्याच्या मनात 'उरलेली' होते, हे लगेच ओळखू येते. उरणे आणि जगणे इंग्रजीच्या दृष्टीने संपत नाही, ते चालूच राहते. स्वरसंधी यांनी सांगितलेल्या बसलेल्या माणसाचेच हे भाईबंद आहेत.

लीड्सकर

मी उत्तर इंग्लंडमध्ये यॉर्कशायरमध्ये राहतो आणि बसलेल्या माणसाविषयी एक बातमी आणली आहे. इथली सामान्य माणसे 'ही वॉज सिटिंग देअर' असे न म्हणता 'ही वॉज सॅट देअर' असेच म्हणतात. उभ्या माणसाला 'वॉज स्टूड' म्हणतात. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला वाटले की त्याला कोणीतरी धरून बसवले असावे. नंतर लक्षात आले की हा तर आपला 'बसलेला होता'. प्रमाण लेखनात अजूनही 'सिटिंग'च लिहावे, पण बोलण्यात ही रूपे आता इंग्लंडच्या इतर भागांतही ऐकू येतात. माझ्या आईला फोनवर सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे अखेर ते शिकले तर!"

आणखी एक. शर्ट धुवायला हवा असेल तर इंग्रजीत 'द शर्ट नीड्स वॉशिंग' म्हणतात. शर्ट काही धुणारा नाही, तो धुतला जाणारा आहे, तरी इंगच. स्कॉटलंडमध्ये मात्र 'नीड्स वॉश्ट' असे ऐकू येते आणि अमेरिकेतील पिट्सबर्गच्या परिसरातही ते चालते. तेव्हा 'इंग म्हणजे कर्तरी' हा नियम मोडणारे खुद्द इंग्रजांच्याच घरात आहेत.

अवग्रह

लीड्सकर यांनी दिलेले 'वॉशिंग' नामासारखे वापरलेले आहे, विशेषणासारखे नाही. त्यामुळे ते या धाग्याच्या काठावर बसते. पण त्याच्या मागे इतिहास आहे. एके काळी 'द हाउस इज बिल्डिंग' याचा अर्थ घर बांधले जात आहे असा होत असे. 'इज बीइंग बिल्ट' ही रचना १८व्या शतकाच्या अखेरीस दिसू लागली आणि १९व्या शतकातील अनेक शुद्धभाषाप्रेमींनी तिला ओबडधोबड म्हणून नावे ठेवली. आज आपण जिला शुद्ध म्हणून शिकवतो ती तेव्हाची अशुद्ध होती.

टोकदार

म्हणूनच म्हणतो, कान. असो. माझाही एक उपयोगी मुद्दा नोंदवतो, म्हणजे मी फक्त विरोध करतो असा समज होणार नाही. 'इंग'चे रूप विशेषण म्हणून प्रत्येक क्रियापदाला वापरात असतेच असे नाही. 'इम्प्रेस्ड' असते, पण प्रभावी भाषणाला 'इम्प्रेसिंग' म्हणत नाहीत, 'इम्प्रेसिव्ह' म्हणतात. 'स्केअर्ड' असते, पण भीतिदायक गोष्ट 'स्केअरी' असते. 'डिलाइटेड' माणूस, पण 'डिलाइटफुल' संध्याकाळ. नियमाच्या काठीने चालणारा मुलगा इथे 'इम्प्रेसिंग स्पीच' लिहून मोकळा होईल आणि बाई लाल रेघ मारतील.

खडूफळा

मारली आहे. परवाच.

आळूवडी

सगळे विशेषणांविषयीच बोलत आहेत, पण माझ्या मुलीची दहावीत खरी धांदल वाक्याच्या सुरुवातीला येणाऱ्या रूपांनी उडवली होती. 'सिंहगडावरून पाहिले असता पुणे लहान दिसते' या वाक्याचे तिने 'सीइंग फ्रॉम सिंहगड, पुणे लुक्स स्मॉल' असे केले. म्हणजे पुणे सिंहगडावर चढून स्वतःकडेच पाहते आहे!

स्वरसंधी

याचे मूळ मराठीत आहे. 'पाहिले असता' ही रचना कोणी पाहिले याची चौकशीच करत नाही आणि पुढच्या वाक्याच्या कर्त्याशी तिचे काही देणेघेणे नसते. इंग्रजीत मात्र सुरुवातीचे रूप पुढच्या कर्त्याच्या गळ्यात पडते. म्हणून आधी पुढचा कर्ता शोधावा आणि त्याला विचारावे, तू पाहतोस की तुला पाहतात? पुण्याला पाहतात, म्हणून 'सीन फ्रॉम सिंहगड'. 'पुण्याच्या तुलनेत नागपूर उष्ण आहे' यात नागपूर तुलना करत नाही, त्याची तुलना होते, म्हणून 'कम्पेअर्ड विथ पुणे'. 'कन्सिडरिंग', 'रिगार्डिंग', 'जनरली स्पीकिंग' असे काही शब्द या चौकशीतून सुटलेले आहेत, कारण ते आता जवळजवळ अव्यये झाले आहेत.

हे शब्द आणि 'फॉलन'सारखी अकर्मक रूपे सोडली तर या एका जागी 'करणारा की केलेला' हा खडूफळाताईंचा जुना नियम चांगला चालतो.

निवृत्त कारकून

'विथ रेफरन्स टू द अबोव्ह, इट इज स्टेटेड' असे लिहिले की कर्ता शोधण्याची वेळच येत नाही. आमची तीस वर्षे त्यावर निघाली.

खडूफळा

सर्वांचे मनापासून आभार. वर्गात काय केले ते सांगते.

फळ्यावरचा जुना नियम पुसला नाही, त्याच्या खाली अवग्रह यांची पुरवणी लिहिली, पण कर्तरी-कर्मणी हे शब्द न वापरता दोन प्रश्न लिहिले. क्रिया एकाकडून दुसऱ्याकडे जाते का? जात असेल तर कोण-कोणाला ते पाहा. जात नसेल तर चालू आहे की होऊन गेली ते पाहा. भावनांसाठी 'ला' ठेवला. बसलेला, झोपलेला, नेसलेला, उरलेला आणि (अपघातातून) वाचलेला या पाच जणांची नावे फळ्याच्या कोपऱ्यात चौकट करून लिहिली आणि यांना लेला असूनही इंग लागते असे सांगितले. अर्धविराम यांचे उकळते पाणी सर्वांत जास्त गाजले. शाळेतील पोषण आहाराच्या चुलीवर पातेले चढलेले होते, तिथे नेऊनच दाखवले. दुसऱ्या सत्रात तेच पाणी गार झाल्यावर पुन्हा दाखवले.

'फॉलन लीव्हज'वाल्या मुलाचे समाधान झाले असे वाटले होते. पण त्याच्या घरचा कुत्रा चार दिवस हरवला होता आणि त्याने स्वतः इंग्रजी-मराठीत जाहिरात लिहून गावात लावायला आणली होती. वर मोठ्या अक्षरांत 'मिसिंग डॉग' असे होते आणि त्याने ते खोडून खाली 'मिस्ड डॉग' केले होते. त्याचे म्हणणे असे की कुत्रा आमची आठवण काढतो की नाही ते ठाऊक नाही, आम्ही मात्र त्याची काढतो. तेव्हा क्रिया आमच्याकडून कुत्र्याकडे जाते आणि एडच हवे. फळ्यावरच्या पहिल्या प्रश्नाप्रमाणे त्याचे उत्तर बरोबर आहे. मी काय सांगावे?

स्वरसंधी

इथे 'मिस' अकर्मक आहे, ताई. आठवण काढणे नव्हे, जागेवर नसणे. आणि नसणे अजून चालू आहे, म्हणून इंग. फळ्यावरच्या दुसऱ्या प्रश्नात पाठवा त्याला.

टोकदार

'लॉस्ट डॉग' लिहायला सांगा. तिथे एडही आहे आणि वादही नाही.

मेतकूट

तो विचारेल, हरवला कोणी?

लीड्सकर

व्याकरण राहू द्या, कुत्रा सापडला का?

खडूफळा

सापडला. शेजारच्या गावात एका टपरीखाली बसलेला होता. मुलगा म्हणतो 'सॅट'.